मालमत्ता कराचे देयक पटत नाही? भांडण देयकाशी नव्हे, नोंदीशी

मुंबई, प्रतिनिधी

एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या सचिवांना फारसे आवडत नाहीत. महापालिकेचा मालमत्ता कर वर्षातून दोन हप्त्यांत, त्या त्या सहामाहीच्या आरंभी देय होतो आणि देयक हाती पडले की सूचनाफलकापाशी घोळका जमतो. गेल्या वेळेपेक्षा रक्कम जास्त का, शेजारच्या इमारतीला कमी का, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली होती तिचे काय झाले, अशा प्रश्नांची सरबत्ती सचिवावर होते. तोही बहुधा एखादा निवृत्त बँक कर्मचारी असतो. त्याला जेवढे ठाऊक तेवढे तो सांगतो. मग कोणीतरी तावातावाने अर्ज लिहितो, 'वाढीव बिल रद्द करावे' असा. विभाग कार्यालयात त्यावर आवकचा शिक्का बसतो, आणि अर्ज तेथेच विसावतो.

तो विसावतो याला नेहमी बाबूंची अनास्थाच कारणीभूत असते असे नाही. अर्जात जे मागितलेले असते, ते देण्याची सोय कायद्यात त्या जागी नसते. देयकावरील रक्कम हे गणिताचे उत्तर आहे. गणित मांडले जाते ते महापालिकेच्या करनिर्धारण पुस्तकात. तुमच्या घराचे क्षेत्रफळ किती, वापर कोणता, इमारत किती जुनी, बांधकाम कोणत्या प्रकारचे, आणि या सगळ्यांवरून निघणारे मूल्य किती, हे त्या पुस्तकात लिहिलेले असते. आक्षेप घ्यायचा तो त्या नोंदीवर, तोही ठराविक मुदतीत आणि लेखी. ही पहिली पायरी चुकली, तर पुढे धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाचे दारही उघडत नाही. मुंबईत मालमत्ता करासंबंधीच्या बहुतेक तक्रारी फसतात त्या या पहिल्या पायरीवर.

भाड्यापासून भांडवली मूल्यापर्यंत

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. सर फिरोजशहा मेहता यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. त्या कायद्याच्या कलम १५४ नुसार घरावरील कर ठरत असे तो घराच्या संभाव्य भाड्यावरून. ते घर दरवर्षी भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, ते धरायचे. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरले ते करयोग्य मूल्य. उदाहरणादाखल, महिना २५ रुपये भाड्याची गिरगावातील चाळीतली खोली घेतली, तर वर्षाचे भाडे ३०० रुपये, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य २७० रुपये.

हे २५ रुपये तसेच राहिले, ही मुंबईची खास गोष्ट. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले होते. प्रमाणभाड्यापेक्षा अधिक भाडे कायद्याने मिळूच शकत नसेल, तर कर आकारण्यासाठीही ते अधिक धरता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. दिल्लीतील दिवाण दौलतराय कपूर खटल्याचा १९७९ चा निकाल या बाबतीत नेहमी उद्धृत केला जातो. परिणाम असा झाला, की गिरगाव, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींचा कर नाममात्र राहिला आणि मालकीहक्काने विकल्या गेलेल्या नव्या इमारतींवर, विशेषतः उपनगरांतील मध्यमवर्गीयांच्या सदनिकांवर, त्यामानाने कितीतरी अधिक बोजा पडला. गोरेगावचा कारकून मलबार हिलच्या जुन्या बंगल्यापेक्षा जास्त दराने कर भरतो, अशी तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई आणि ती अगदीच अतिशयोक्त नव्हती. चाळमालकांचे गाऱ्हाणे वेगळेच होते: भाडेच एवढे तुटपुंजे, की दुरुस्ती कशातून करायची?

या विषमतेवर उतारा म्हणून २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याधारित करप्रणाली लागू करण्यात आली. आता घराचे भाडे किती येईल हे पाहायचे नाही. घराची किंमत किती, हे पाहायचे. किमतीचा आधार म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा रेडी रेकनर, अर्थात शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. हे मूल्य एकदा ठरले की पाच वर्षे कायम राहते. त्यानंतर फेरआकारणी होते. २०१५ ची फेरआकारणी झाली, २०२० मध्ये अपेक्षित असलेली करोनाच्या संकटामुळे पुढे ढकलली गेली. बदलाचा धक्का एकदम बसू नये म्हणून कायद्यातच मर्यादा घातल्या होत्या. नव्या पद्धतीतला पहिला कर निवासी घरांसाठी जुन्याच्या दुपटीपेक्षा आणि अनिवासी जागांसाठी तिपटीपेक्षा अधिक असू नये, पुढील प्रत्येक फेरआकारणीत वाढ चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पहिली पाच वर्षे वाढू नये.

महापालिकेच्या दृष्टीने या कराचे महत्त्व २०१७ नंतर आणखी वाढले. त्या वर्षी १ जुलै रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. हक्काचा, स्वतःच्या हाती असलेला मोठा कर उरला तो हाच.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले

भांडवली मूल्य ठरवण्यासाठी महापालिकेने जे नियम केले, ते २०१० चे म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात ते मार्च २०१२ मध्ये अधिसूचित झाले आणि मागील तारखेपासून लागू करण्यात आले. पुढे २०१५ चे नियम आले. मालमत्ताधारकांच्या संघटनेने व इतरांनी त्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले. खटला सुरू असताना, २०१४ च्या अंतरिम आदेशानुसार, याचिकाकर्त्यांनी जुन्या दराने कर आणि फरकाच्या निम्मी रक्कम भरावी अशी व्यवस्था झाली. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला: भांडवली मूल्याची पद्धत वैध, मात्र नियम २०, २१ आणि २२ कायद्याच्या चौकटीबाहेरचे. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

या निकालाचे सार सामान्य घरमालकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. जमीन वा इमारत आज जशी आहे, तिचे जे प्रत्यक्ष स्वरूप आज आहे, त्याचेच मूल्य धरता येईल. उद्या त्या जागेवर किती मजले चढवता येतील, किती चटईक्षेत्र निर्देशांक मिळू शकेल, या भविष्यातील शक्यतांवर आज कर लावता येणार नाही. शिवाय नियम केले त्यापूर्वीच्या काळासाठी ते लागू करता येणार नाहीत.

लालबाग–परळच्या संदर्भात हे फार मोलाचे आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या सावलीत अजून तीन-चार मजली चाळी उभ्या आहेत. मनोऱ्यामुळे परिसराचा रेडी रेकनर दर चढतो; पण चाळीच्या जागी मनोरा उभारता येईल म्हणून चाळीवर मनोऱ्याचा कर बसवणे मात्र कायद्याला मान्य नाही.

हा झाला नियमांविरुद्धचा लढा. तो संघटनांनी लढायचा, वर्षानुवर्षे, मोठे वकील लावून. आपल्या घरापुरता अन्याय झाला असेल तर त्यासाठी निराळा, पुष्कळच साधा मार्ग आहे. अडचण इतकीच, की तो फारच थोड्यांना माहीत असतो.

विशेष नोटीस: पाकीट फेकू नका

एखादी मालमत्ता करनिर्धारण पुस्तकात पहिल्यांदाच नोंदली गेली, किंवा तिचे मूल्य वाढवण्यात आले, तर महापालिकेला मालक वा भोगवटादाराला विशेष लेखी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद कलम १६२ ची. नोटिशीत नवी नोंद काय आहे हे असते, आणि तिच्याविरुद्ध तक्रार किती दिवसांत स्वीकारली जाईल हेही लिहिलेले असते. ही मुदत साधारण तीन आठवड्यांची. नोटिशीवर जे छापले आहे तेच अंतिम मानावे.

गंमत अशी, की देयक येते तेव्हा सोसायटीत गदारोळ होतो आणि ही नोटीस येते तेव्हा ती कोणाच्या खिजगणतीतही नसते. तिच्यावर भरायची रक्कम ठळकपणे लिहिलेली नसते, म्हणून ती फायलीत जाते. रखवालदाराने सही करून घेतलेले पाकीट आठवडाभर त्याच्या टेबलावर पडून राहिल्याची उदाहरणे तर घरोघरची आहेत. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, हे पाकिटावर लिहून ठेवण्याची सवय प्रत्येक सचिवाने लावून घ्यावी. पुढचे सारे दिवस तेथून मोजले जातात.

नोटीस मिळाल्यावर पहिले काम अर्ज लिहिण्याचे नाही. पहिले काम पुस्तक पाहण्याचे. मालक किंवा भोगवटादार म्हणून आपल्या मालमत्तेपुरती नोंद विनाशुल्क पाहण्याचा आणि तिचा उतारा करून घेण्याचा हक्क कलम १६१ ने दिलेला आहे. गिरगाव, खेतवाडीच्या रहिवाशांनी नाना चौकातील 'डी' विभाग कार्यालयात, मरीन लाइन्सच्या बाजूच्यांनी 'सी' विभागात, दादर पश्चिमेच्या रहिवाशांनी 'जी उत्तर' विभागात, परळ, लालबागकरांनी 'एफ दक्षिण' विभागात आणि लोअर परळ, प्रभादेवीकरांनी 'जी दक्षिण' विभागात करनिर्धारण व संकलन खात्याकडे विचारणा करावी. जाताना देयकावरील मालमत्तेचा लेखा क्रमांक बरोबर असू द्यावा. त्याच्याशिवाय टेबलावरचा कर्मचारी मान वर करत नाही.

नोंदीत काय तपासायचे

भांडवली मूल्य कशावर ठरावे, हे कायद्यानेच सांगितले आहे: जमिनीचे व बांधकामाचे स्वरूप, जमिनीचे क्षेत्रफळ वा इमारतीचे चटई क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि इमारतीचे वय, याशिवाय नियमांत सांगितलेले इतर घटक. यांतील प्रत्येक गोष्ट कागदाने सिद्ध करता येते. म्हणूनच तक्रारीचा जोर येथे असावा. 'कर फार झाला', 'आम्ही निवृत्त आहोत', 'रस्त्यावर खड्डे आहेत' ही कारणे कितीही खरी असली तरी सुनावणीत त्यांना किंमत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो क्षेत्रफळाचा. चटई क्षेत्रफळ म्हणजे भिंतींच्या आतली वापरता येणारी जागा, आणि बांधीव क्षेत्रफळ म्हणजे भिंतींसह मोजलेली. व्यवहारात बांधीव क्षेत्रफळ चटई क्षेत्रफळाच्या १.२ पट धरले जाते. आता समजा, दादरच्या एका इमारतीतील घराचे चटई क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे ४८४ चौरस फूट. त्याचे बांधीव क्षेत्रफळ झाले ५४ चौरस मीटर, म्हणजे ५८१ चौरस फूट. जुन्या करारनाम्यात अनेकदा बांधीव आकडाच लिहिलेला असतो. तो आकडा चटई क्षेत्रफळ म्हणून पुस्तकात चढला, की वीस टक्के जास्त मूल्यावर कर लागतोच. पण त्याहून मोठे नुकसान पुढे आहे.

५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्रफळाच्या निवासी घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ आहे. या माफीचा इतिहासही गोंधळाचाच. २०१९ मध्ये राज्य सरकारने निर्णय जाहीर केला तेव्हा संपूर्ण कर माफ झाला असा समज पसरला. प्रत्यक्षात माफी होती ती देयकातील केवळ सर्वसाधारण कराची. पाणीपट्टी लाभकर, मलनिस्सारण कर, शिक्षण उपकर वगैरे बाकीचे रकाने तसेच राहिले आणि लोकांना देयके येतच राहिली. १ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पूर्ण माफीची घोषणा केली, मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात तिला मंजुरी दिली. सुमारे सोळा लाख घरांना तिचा लाभ होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते.

म्हणजे वरच्या उदाहरणातील दादरचे घर वास्तविक पूर्ण माफीस पात्र आहे. चुकीच्या रकान्यात चढलेल्या एका आकड्याने ते करपात्र ठरते. सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या, ४५० ते ५५० चौरस फुटांच्या घरांत राहणाऱ्या प्रत्येकाने आपली नोंद एकदा तरी डोळ्यांखालून घालावी ती याचसाठी. दोन लगतच्या खोल्यांची मधली भिंत काढून एक घर केले असेल, तर पुस्तकात त्यांच्या नोंदी दोन आहेत की एक, हेही पाहावे. चाळींत हा प्रकार सर्रास असतो.

दुसरा मुद्दा वापराचा. पुढच्या खोलीत कधीकाळी डॉक्टरांचा दवाखाना होता, किंवा तळमजल्यावर शिकवणी वर्ग चालत होते. ते बंद पडून दहा वर्षे झाली, तरी नोंद 'अनिवासी' अशीच राहते. निवासी आणि अनिवासी करांत मोठी तफावत असते. वापर बदलल्याचे कळवणे हे मालकाचे काम. महापालिका आपणहून येऊन पाहील अशी अपेक्षा ठेवू नये. (वापर निवासीचा अनिवासी झाला तर मात्र ती तत्परतेने येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.) 'बेस्ट'ची निवासी दराची वीजदेयके या बाबतीत चांगला पुरावा ठरतात.

वय आणि बांधकामाचा प्रकार हे मुद्दे जुन्या मुंबईत विशेष महत्त्वाचे. इमारत जितकी जुनी तितकी मूल्यात घट. गिरगावातील लाकडी जिन्याची, भारवाहक भिंतींची इमारत आणि आरसीसी इमारत यांचे मूल्य सारखे धरता येत नाही. इमारतीचे वय सिद्ध करायला भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची उपकर वर्गवारी कामी येते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील 'क' वर्गात मोडतात. दुरुस्ती उपकर मालमत्ता कराबरोबरच वसूल होत असल्याने ही वर्गवारी महापालिकेच्याच दप्तरात सापडते. स्वतःच्याच कागदाने स्वतःची नोंद खोटी ठरली, तर खात्याला फारसा वाद घालता येत नाही.

शेवटी रेडी रेकनरमधील विभाग. शहर भागात हा तक्ता महसुली विभागांप्रमाणे असतो: गिरगाव, दादर–नायगाव, परळ–शिवडी, लोअर परळ, माहीम असे विभाग आणि त्यांचे उपविभाग. रस्त्याच्या एका बाजूला एक दर, दुसऱ्या बाजूला वेगळा, असे सहज घडते. आपल्या जागेचा सी. एस. क्रमांक कोणत्या उपविभागात येतो हे तपासून, चुकीचा उपविभाग धरला गेला असेल तर तक्त्याचे ते पान जोडावे. दर महाग वाटतो, हा आक्षेप नव्हे. दर दुसऱ्या जागेचा आहे, हा आक्षेप आहे.

तक्रार आणि सुनावणी

तक्रार कलम 163 खालील असल्याचे अर्जाच्या मथळ्यातच लिहावे. ती थोडक्यात, पण कारणे पूर्ण देऊन लिहिलेली असावी, असे कायदा म्हणतो, आणि सल्ला म्हणूनही हे वाक्य उत्तम आहे. जी कारणे तक्रारीत नाहीत ती पुढे न्यायालयात नव्याने मांडणे अवघड जाते. तेव्हा क्षेत्रफळ, वापर, वय असे जे जे चुकलेले असेल ते सगळे एकाच अर्जात घ्यावे आणि आपल्या मते योग्य आकडा कोणता तेही लिहावे. सोबत मंजूर नकाशा, करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र, शक्य असल्यास वास्तुविशारदाने मोजमाप करून दिलेला आराखडा जोडावा. पोचपावतीवर तारीख असलीच पाहिजे.

सुनावणीची तारीख कळवण्यात येते. सुनावणी घेणारा अधिकारी त्याच खात्याचा असतो, त्यामुळे येथे निःपक्ष न्यायनिवाड्याची कल्पना करून जाऊ नये. पण हिशेबातील ढोबळ चुका बहुधा याच टप्प्यावर दुरुस्त होतात. सुनावणीला गैरहजर राहू नये. निर्णय लेखी मागून घ्यावा, कारण अपिलाची मुदत तेथून सुरू होते.

नोटिशीची मुदत उलटून गेली असेल तरी सर्व काही संपले असे नाही. चालू वर्षाच्या करनिर्धारण पुस्तकात संबंधित व्यक्तीच्या निवेदनावरून दुरुस्ती करण्याचा अधिकार कलम १६७ ने आयुक्तांना दिला आहे. क्षेत्रफळाची किंवा वापराची उघड चूक असेल तर या कलमाचा उल्लेख करून निवेदन द्यावे. वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते, हे ध्यानात ठेवून.

धोबी तलावची पायरी

आयुक्तांकडील तक्रारीचा निर्णय विरोधात गेला तर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते. हे न्यायालय लोकमान्य टिळक मार्गावर, मेट्रो चित्रपटगृहापासून जवळच आहे. भाडेकरू आणि घरमालक यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खटल्यांसाठी मुंबईकर त्याला ओळखतात. अपील २१ दिवसांच्या आत दाखल व्हावे लागते. त्याआधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. तक्रारच केली नव्हती, थेट न्यायालयात आलो, असे चालत नाही.

तिसरी अट सर्वांत जाचक. वादग्रस्त मूल्यावर आकारलेला कर, अपील दाखल करण्याच्या तारखेपर्यंतचा, महापालिकेकडे जमा केलेला असला पाहिजे. म्हणजे ज्या रकमेविषयी तक्रार आहे ती आधी भरायची, मग तक्रार मांडायची. मोठ्या बांधकाम कंपनीला हे परवडते; निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दादरच्या गृहस्थाला दहा वेळा विचार करावा लागतो. ही अट नागरिकाला नाउमेद करणारी आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये घरावरील कौन्सिल टॅक्सच्या वर्गवारीविरुद्ध मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे दाद मागायला शुल्क पडत नाही. तेथेही गमती आहेतच: आजही घरांची वर्गवारी १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आधारलेली आहे. आपल्या १ सप्टेंबर १९४० ची आठवण व्हावी!

अट जाचक असली तरी कर थकवून अपील लढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के दंड चढतो. वर्षाचे २४ टक्के झाले. थकबाकीपोटी मालमत्ता जप्त करून विकण्यापर्यंतचे अधिकार महापालिकेला आहेत. कर 'हक्क राखून' भरत असल्याचे पत्र द्यावे, पावत्या जपाव्यात आणि अपील सुरू असतानाही पुढची देयके भरत राहावे. लघुवाद न्यायालयाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूदही आहे. मात्र पाच-सात हजारांच्या वादासाठी तेथवर जाणारा विरळाच.

पगडीवाल्यांचे काय

हे सारे वाचून लालबागच्या चाळीतला वाचक विचारील, की माझ्या नावावर देयकच येत नाही, मी काय करू? पगडीच्या इमारतीत कर भरण्याची प्राथमिक जबाबदारी घरमालकाची असते. नोटीस त्याच्याकडे जाते, देयक त्याच्याकडे जाते. कर वाढला की वाढीव रक्कम भाडेकरूंकडून वसूल करण्याची मुभा मात्र भाडेनियंत्रण कायद्याने त्याला दिली आहे. परिणामी मूल्याविरुद्ध तक्रार करण्याचा उत्साह ज्याला असावा त्याच्या हाती कागद नसतो, आणि ज्याच्या हाती कागद असतो त्याला उत्साह नसतो.

अशा वेळी भाडेकरूंनी तीन गोष्टी कराव्यात. वाढीव कर मागणाऱ्या मालकाकडून देयकाची प्रत मागावी. आपण भोगवटादार आहोत या नात्याने पुस्तकातील आपल्या खोलीची नोंद पाहावी. आणि खोली निवासी असून ५०० चौरस फुटांच्या आत असेल, तर तिच्यापुरती माफी हिशेबात धरली आहे की नाही हे खात्याकडून लेखी विचारून घ्यावे. चाळीतील दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची. तिच्या वाट्याला २०२२ नंतरचा मालमत्ता कर म्हणून काही रक्कम लावली जात असेल, तर ती कशापोटी, हे विचारण्याचा त्या भाडेकरूला पूर्ण अधिकार आहे.

पुनर्विकासानंतर चित्र पालटते. चाळीच्या जागी मनोरा उभा राहतो, भाडेकरू मालक होतो, आणि इमारत पुस्तकात पहिल्यांदाच नोंदली जाते. पुनर्वसनातील घरे बहुधा ५०० फुटांच्या आतली असतात, विक्रीची घरे मोठी. नव्या सोसायटीच्या पहिल्या कार्यकारिणीने विशेष नोटिशीची वाट पाहावी, ती आली की प्रत्येक सदनिकेचे क्षेत्रफळ मंजूर नकाशाशी ताडून घ्यावे. मालमत्ता कर सदस्यांत समान वाटायचा नसतो. आदर्श उपविधींनुसार तो महापालिकेने त्या त्या सदनिकेला जसा आकारला असेल तसाच घ्यायचा असतो. काही सोसायट्या सोयीसाठी एकूण रक्कम सर्वांत सारखी विभागतात, आणि माफीस पात्र असलेला चारशे पाच फुटांचा जुना भाडेकरू बाराशे फुटांच्या शेजाऱ्याचा कर भरत राहतो. ही चूक महापालिकेची नाही. तिच्याविरुद्ध दाद मागायची ती सोसायटीच्या कार्यालयात आणि तेथे न मिटल्यास सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.